छातीत धूळ, केसपेपरवर टीबी: या चुका टाळा

केसपेपरवर ‘धंदा’ नावाचा रकाना असतो. आमच्या सिंधुदुर्गात तिथे बहुतेकदा ‘शेती’ लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. भातशेती चार महिन्यांची. उरलेले आठ महिने माणूस कासार्ड्याला सिलिका वाळूवर जातो, क्रशरवर खडी फोडतो, चिरेखाणीत (जांभा दगडाच्या खाणीत) मशीन चालवतो की गोव्यात लाद्या कापतो, हे विचारायला नव्या डॉक्टरांना वेळ नसतो. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) लिहायला मात्र असतो.

मी पहिल्या कामापासून विचारत येतो. बायको सोबत असेल तर तिलाही. नवऱ्याचे कपडे धुताना पाणी कसल्या रंगाचं निघतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. पेशंट म्हातारा असेल तर त्याची मुंबईतली वर्षंही विचारा. गिरणीत असेल तर सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळायची का? बिसिनोसिसचा, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचा, एक्स-रे साफ असू शकतो, तो या एका प्रश्नावर सापडतो. ॲस्बेस्टॉसचा आजार तर वीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: एक्स-रेवर ठिपके म्हणजे टीबी.

मालवणकडचा एक जण आला, पस्तिशीचा. बेडका दर वेळी निगेटिव्ह, तरी टीबीचा कोर्स दोनदा झालेला. बसायच्या आधीच म्हणाला, “परत टीबीचा औषध नको हां, डॉक्टरांनू.” ताप नाही, वजन जेमतेम घटलेलं, पण जिना चढला की धाप. फिल्म लावली तर दोन्ही बाजूंना, वरच्या भागात जास्त, बारीक गाठींचा सडा. मिलिअरी टीबीत, म्हणजे रक्तातून सगळीकडे पसरलेल्या टीबीत, एवढी फिल्म भरली तर माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. फिल्म भयंकर आणि माणूस चालत आलेला, असं दिसलं की मी पेन खाली ठेवून कामाचं विचारतो.

तो किचनचे ओटे बसवायचा. आधी ग्रॅनाइट, मग काही वर्षं क्वार्ट्झचे कृत्रिम टॉप. कटरला पाणी लावत नव्हता, कारण तयार घरात राडा झालेला मालकाला चालत नाही. त्या टॉपमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर सिलिका असू शकते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली. नेहमीचा सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, यायला दहा-वीस वर्षं लागतात, या कामात तो पाच-दहा वर्षांतही येतो. दोन कोर्स चालू असताना तो रोज कटरवर जातच होता. कुणी थांबवलंच नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

हे वाचून उलटी उडी मारू नका. सिलिकोसिसवाल्याला टीबी इतरांपेक्षा कितीतरी सहज होतो. ताप आला, वजन उतरलं, बेडक्यात रक्त दिसलं की सीबीनॅट (बेडक्यातला टीबीचा जंतू शोधणारी तपासणी) पाठवाच, निदान आधीच झालेलं असलं तरी.

धुळीच्या रंगावरही जाऊ नका. चिऱ्याच्या धुळीने माणूस आपादमस्तक लाल होतो, पण जांभ्यात मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. ती धूळ निरुपद्रवी नाही, पण कासार्ड्याची पांढरी वाळू सुकवताना-चाळताना उडते ती जास्त घातक. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण डोळ्यांना दिसतही नाहीत.

फिल्मचा व्हॉट्सॲपवरचा फोटो मी वाचत नाही. बारीक गाठी त्यात पुसल्या जातात. पूर्ण श्वास भरून काढलेली नीट फिल्म हवी आणि घरातली जुनी पिशवीही. पाच वर्षांपूर्वीची फिल्म शेजारी लावली की निम्मं काम होतं.

स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) नॉर्मल आली म्हणून आजार नाही, असं होत नाही. बिडी ओढतो म्हणून धूळ निर्दोष सुटत नाही. काम सोडून वर्षं झाली तरी सिलिकोसिस वाढू शकतो. बायोप्सी क्वचितच लागते.

सॉ मिल किंवा पिठाच्या गिरणीतल्या दम्याला एका दिवसाच्या तपासणीने काही कळत नाही. पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारी नळी) द्या, शाळेची वही द्या, दिवसातून चार वेळा फुंकून लिहायला सांगा, कामाचे आणि सुट्टीचे मिळून दोन-चार आठवडे. गणपतीची सुट्टी यात आली तर उत्तमच. घरी आकडा चढतो आणि कामावर पडतो, ते वहीतच दिसतं.

शेवटी कागद. निदान सिलिकोसिसचं असेल तर सर्टिफिकेटवर ‘दमा’ किंवा ‘सीओपीडी’ (श्वासनलिकांचा जुनाट आजार) लिहून मोकळे होऊ नका. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टपासून हा डॉक्टरने कळवायचा आजार आहे. कारखान्यातला कामगार असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवा आणि कोणतं काम, किती वर्षं, कुठे, हे केसपेपरवर तारखेसकट लिहा. भरपाईचा दावा लागला तर त्याच्याकडे तेवढाच पुरावा असतो.