सेव्हन्थ कॉर्ड वाजवताना या चुका टाळा: आधी ठरवा, नी कोणता?

कॉर्ड म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार स्वर. कॉर्डशीटवर, म्हणजे गाण्याच्या कॉर्ड लिहिलेल्या कागदावर, नुसता ‘सी’ लिहिलेला असला की सगळ्यांची बोटं बरोबर पडतात. त्याच्यापुढे ७ चा आकडा दिसला की माझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणारी मंडळी मोजायला लागतात. सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. सातवा आला बी. मग सी-ई-जी-बी दाबतात, आवाज छान गोड येतो आणि शाबासकीच्या अपेक्षेने माझ्याकडे बघतात. आवाज गोड आहेच, पण ती सी सेव्हन नाही. ती झाली सी मेजर सेव्हन.

पेटीवर हात बसलेल्यांना हे एका वाक्यात सांगता येतं. पांढरी एक सा धरली, तर सी सेव्हन म्हणजे सा, ग, प आणि कोमल नी: पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी पाच आणि वर काळी पाच. शेवटचं बोट काळी पाचवरून पांढरी सातवर सरकवलं की शुद्ध नी लागतो आणि मेजर सेव्हन होते. फरक एका पट्टीचा आहे, पण पहिली कॉर्ड पुढे जायची घाई करते, तर दुसरी उशीला टेकून बसते. नुसता ७ लिहिला असेल तर नी कोमल. शुद्ध नी हवा असेल तर ‘मेजर’ हा शब्द, कॅपिटल एम किंवा छोटा त्रिकोण, यांपैकी काहीतरी लिहिलेलं असतं.

नी शोधायला खालून मोजत बसू नका. कॉर्डच्या वरच्या सा वर बोट ठेवा आणि मागे या. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून एक पट्टी मागे शुद्ध नी, दोन पट्ट्या मागे कोमल नी. गिटारवर पट्टीऐवजी फ्रेट मोजा.

सा कुणाचा, हे विसरणं

हे कळलं की पुढच्याच आठवड्यात दुसरी शंका येते. ‘सर, जी सेव्हनमध्ये तर सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या आहेत. कोमल नी गेला कुठे?’

गेला नाही, तिथेच आहे. जी-बी-डी-एफ मधला एफ गाण्याच्या सा पासून पाहिला तर शुद्ध मध्यम आहे. पण कॉर्डचा हिशेब करताना सा गाण्याचा नसतो, कॉर्डचा असतो. पांढरी पाच सा माना. तिचा शुद्ध नी येतो काळी तीनवर, कोमल नी पांढरी चारवर. म्हणजे आपला एफच. आपल्याकडे सा बदलून गाणं नवीन नाही; पेटीवाल्याला ‘काळी दोन घ्या’ म्हटलं की तो सगळं सप्तक उचलून तिकडे नेतो. तेच इथे दर कॉर्डला करायचंय, एवढंच.

उलट चूक एफ वर होते. एफ-ए-सी-ई, सगळ्या पांढऱ्या, म्हणून लोक बिनधास्त एफ सेव्हन म्हणतात. ती आहे एफ मेजर सेव्हन. एफ सेव्हनला वरचं बोट ई फ्लॅटवर, म्हणजे काळी दोनवर जायला हवं. सी मेजरच्या सात पांढऱ्या स्वरांवर एकाआड एक पट्टी घेत चार-चार स्वरांच्या कॉर्ड रचल्या, तर सी आणि एफ वर मेजर सेव्हन येते, डी, ई आणि ए वर मायनर सेव्हन (ग आणि नी दोन्ही कोमल), बी वर हाफ डिमिनिश्ड (त्यात प सुद्धा एक पट्टी उतरलेला). साधी सेव्हन, म्हणजे नुसता ७ लिहितात ती, एकाच ठिकाणी, जी वर. त्यामुळे कॉर्डशीट ‘भारी’ करायच्या नादात प्रत्येक अक्षरापुढे ७ लिहीत सुटलात, तर एका फटक्यात दोन-तीन परके स्वर गाण्यात घुसतात.

‘मायनर’ आणि ‘मेजर’ नक्की कुणाला म्हटलंय?

इथे दोष शिकणाऱ्याचा नाही, नावं ठेवणाऱ्यांचा आहे. मायनर सेव्हन म्हणताना ‘मायनर’ हा शब्द ग बद्दल बोलतो. मेजर सेव्हन म्हणताना ‘मेजर’ हा शब्द नी बद्दल बोलतो. सारखी दिसणारी दोन नावं, बोट वेगवेगळ्या स्वराकडे. सी मायनर सेव्हनमध्ये ग कोमल आणि नी सुद्धा कोमल: सी, ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट. ‘मायनर मेजर सेव्हन’ हे विनोदी वाटणारं नावही मग उलगडतं. ग कोमल, नी शुद्ध.

हाताने उतरवलेल्या कागदावर स्मॉल एम आणि कॅपिटल एम यांत गल्लत होतेच. मी सरळ ‘मेज’ आणि ‘मिन’ लिहितो. दिसायला गावठी, पण स्टेजच्या अंधुक उजेडात वाचता येतं.

सा वर संपणाऱ्या गाण्याला मेजर सेव्हन

ही माझी स्वतःची चूक. सोसायटीच्या गणपतीत साथीला होतो. गायिका अनुभवी, गाणं भूपाच्या अंगाचं. शेवटी त्यांनी वरचा सा धरला आणि मी, जरा रंगत यावी म्हणून, खाली मेजर सेव्हन ठेवली. उजव्या हातात शुद्ध नी अगदी वर, त्यांच्या सा ला खेटून. दोन सेकंदांत त्यांचा सा डळमळला. नंतर चहा घेताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘दादा, शेवटच्या सा ला तुम्ही मला एकटं सोडलंत.’

नेमकं झालं काय? सा खाली आणि शुद्ध नी त्याच्या बराच वर असतो, तेव्हा हे दोन स्वर मऊ वाटतात. मेजर सेव्हनची सगळी गोडी याच अंतरातली. पण गळ्यातला सा वर आणि नी त्याच्या लगेच खाली आला, की मधे एकाच पट्टीचं अंतर उरतं आणि दोघं एकमेकांना घासायला लागतात. गाणाऱ्याला आपलाच सा चढलाय की उतरलाय ते कळेनासं होतं. नी एक सप्तक खाली नेला तरी कुरकुर पूर्ण थांबत नाही.

शिवाय भूपात नी नाहीच. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. मी रंगत म्हणून जो स्वर घातला, तो त्या रागाच्या घरचाच नव्हता. तिथे चौथा स्वर हवाच असेल तर ध घ्या: सा-ग-प-ध, म्हणजे सी सिक्स्थ. चारही स्वर भूपातले, सा ला कुणी घासत नाही, आणि साध्या कॉर्डपेक्षा भरीवही वाटतं. यमनात नी शुद्ध आहे, तिथे मेजर सेव्हन शोभते. फक्त ओळ सा वर थांबली की हात आखडता घ्या. खमाजात आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल, असे दोन्ही नी. त्यामुळे गळा कोणत्या दिशेने चाललाय ते ऐकूनच बोट टाकावं लागतं. कॉर्डशीट हे सांगत नाही, कान सांगतो.

गाणं संपलं तरी संपल्यासारखं वाटत नाही

शेवटची कॉर्ड तपासा. तिथे बहुतेक साधी सेव्हन वाजतेय. सी सेव्हनमध्ये ग आणि कोमल नी यांच्यात बरोबर तीन पूर्ण स्वरांचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून सहा पट्ट्यांचं अंतर असतं, आणि ही जोडी स्वस्थ बसत नाही. ई ला वर एफ कडे सरकायचं असतं, बी फ्लॅटला खाली ए कडे. म्हणून सी सेव्हन ऐकली की कान एफ ची वाट बघतो. शेवटी ती ठेवणं म्हणजे जोडा काढता काढता उंबऱ्यावर थांबणं. अपवाद ब्लूज या अमेरिकन गानप्रकाराचा. तिथे बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या (एक बार म्हणजे काही मात्रांचा एक खण) चक्रात पहिली, चौथी आणि पाचवी या तिन्ही कॉर्ड बिनदिक्कत सेव्हन असतात आणि शेवटालाही चालतात.

ओढ बरोबर आहे, कॉर्डही बरोबर आहे, तरी पुढची कॉर्ड आदळल्यासारखी वाटते? मग हात उड्या मारतोय. जी सेव्हन उजव्या हाताने बी-डी-एफ-जी अशी धरा, डावा हात खाली जी वर. आता बी सी वर जाऊ दे, एफ ई वर उतरू दे, जी जागच्या जागी, डी सी वर. झाली सी. बोटं पट्टी-दोन पट्ट्यांपलीकडे हलली नाहीत.

दोन किरकोळ गोष्टी

बी वरची हाफ डिमिनिश्ड म्हणजे बी-डी-एफ-ए. ए चा ए फ्लॅट केला की पूर्ण डिमिनिश्ड सेव्हन. ‘डिम’ लिहिलंय म्हणून डोळे मिटून दुसरी वाजवू नका. आणि आवाज गढूळ येत असेल तर चारही स्वर कीबोर्डच्या डाव्या टोकाला कोंबलेत का बघा. खाली फक्त मूळ स्वर ठेवा, ग आणि नी मधल्या सप्तकात आणा. प वगळलात तरी चालतं. गिटारवाले नेहमी वाजवतात ती सुरुवातीच्या फ्रेटांवरची सी सेव्हन नीट पाहा: पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर सी, चौथी दुसऱ्यावर ई, तिसरी तिसऱ्यावर बी फ्लॅट, दुसरी पहिल्यावर पुन्हा सी, पहिली मोकळी ई. त्यात जी नाहीच, आणि आजवर कुणी तक्रार केलेली मी ऐकली नाही.