प्रकाशाच्या दालनात आधी डोळ्यांना वेळ द्या
दुपारच्या उन्हातून पांडवलेण्यांतल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरलं की आधी नुसता काळोख दिसतो. जरा थांबलं की खांब दिसू लागतात, मग स्तूप. कलासंग्रहालयातल्या प्रकाशाच्या दालनातही, म्हणजे जिथे मंद उजेड हीच कलाकृती असते तिथेही, असंच थांबा. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मोबाइलच्या स्क्रीनकडे एकदा पाहिलं की त्यातलं बरंचसं वाया जातं. फोन खिशातच राहू द्या, अगदी कळकळीने सांगते. जपानच्या नाओशिमा बेटावर प्रकाशातून कलाकृती घडवणारे अमेरिकन कलाकार जेम्स टरेल यांच्या अंधाऱ्या दालनात तर लोकांना आधी बसवूनच ठेवतात. उजेड तिथे असतोच, दिसतो उशिरा. मंद उजेड दिसेना तर नजर किंचित बाजूला वळवा, कडेच्या नजरेला तो आधी जाणवतो. उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी फिट येण्याचा त्रास असेल तर आत तसे दिवे आहेत का, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या.