पाहुण्यांना एका दिवसात पुणे दाखवायचंय? मग असं करा

भारत फिरायला आलेले पाहुणे पुण्यात एकच दिवस थांबणार असतील तर गाडी घरीच ठेवा, पेठेत पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते, त्यापेक्षा मेट्रोने कसबा पेठला उतरा आणि पुढचं सगळं चालत करा. ऊन चढायच्या आत शनिवारवाडा. १७३२ चा आहे, आतले महाल १८२८ च्या आगीत गेले त्यामुळे जोतीच दिसतात, पण दिल्ली दरवाज्यावरचे टोकदार खिळे जवळ जाऊन नक्की दाखवा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेत.

तिथून तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली. बरेच लोक ही चुकवतात आणि मला खरंच वाईट वाटतं. ठक ठक आवाजाच्या दिशेने गेलं की सापडते. तांब्याचं भांडं हातात घेऊन उजेडात फिरवून बघा, हातोडीचा एकेक ठोका वेगळा चमकतो, याला मठारकाम म्हणतात, त्याने पत्रा टणक होतो. घेताना आतून कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, आहे का विचारा, नसेल तर त्यात आंबट काही ठेवायचं नाही हे पाहुण्यांना समजावून सांगा.

जेवण पटकन, मग थेट तुळशीबागेच्या बाजारात. आधी आतल्या राममंदिरात दोन मिनिटं टेका, मग पितळी भातुकली बघा, इवलंसं जातं, पोळपाट-लाटणं, बंब, सगळं बॅगेत मावतं. भाव करा पण हसत करा आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. परतायला मंडई मेट्रो स्टेशन जवळच आहे.