“डिस्क वाकली” म्हणण्याआधी: जुन्या रेस कारच्या ब्रेकमध्ये या चुका टाळा

इंग्लंडात मार्च उजाडला, रेसचा मोसम जवळ आला, की माझ्याकडे एकच तक्रार येते: “ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकलीय, तेवढी टर्निंग करून द्या.” मी कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर हात बसवला आणि आता इथे मिडलंड्समध्ये जुन्या रेस गाड्यांची कामं करतो, त्यात एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार सगळ्यात जास्त. इतक्या वर्षांत खरोखर वाकलेल्या डिस्क एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच पाहिल्या. बाकी प्रत्येक वेळी दोष डिस्कच्या मागे होता आणि शिक्षा डिस्कला झाली.

एक गाडी माझ्या डोक्यात कायमची बसली आहे. 1964 ची एमजीबी, मालक हौशी आणि मनाने दिलदार. दीड मोसमात त्याने डिस्कच्या तीन जोड्या बदलल्या होत्या. प्रत्येक जोडी पहिल्या एक-दोन रेसना छान चालायची. मग डोनिंग्टनच्या ट्रॅकवर लांब सरळ रस्ता संपवून शिकेनसाठी, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या जोडवळणासाठी, ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायला लागायचं. दुसरी जोडी मीच लेथवर लावून कट मारून दिली होती. त्या दिवशी हब, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग, मोजला नाही, ही माझी चूक, आणि तिचे पैसे त्या माणसाने भरले.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी डिस्कला हातच लावला नाही. आधी चाक काढून हब हलवून पाहिला तर तो चक्क डुगडुगत होता. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर असतो आणि शिम (पातळ चकत्या) लावून खेळ, म्हणजे सैलपणा, 2 ते 4 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवायचा असतो. आधी ज्याने हब जोडला त्याने शिम काढून टाकल्या होत्या आणि नट अंदाजाने आवळला होता. शिम लावून खेळ 3 थाऊवर आणला, मग डिस्क फिरताना किती डोलते, म्हणजे रनआउट, ते मोजायला डायल गेज लावला. डिस्कच्या कडेजवळ 9 थाऊ रनआउट! चालतो फक्त 3.

या गाडीत डिस्क हबला मागच्या बाजूने बोल्टने बसते. बोल्ट सोडले आणि कारण समोर आलं. रेस्टोरेशन करताना हबवर सुंदर काळं पावडर कोटिंग केलं होतं, थेट डिस्क बसते त्या फेसवरसुद्धा. एका बाजूला कोटिंग उष्णतेने मऊ होऊन दबलं होतं, दुसऱ्या बाजूला जाड राहिलं होतं. नखाने खरवडलं तर त्याची पापुद्र्यासारखी साल निघाली. फेस लोखंडापर्यंत साफ केला, कडेचे बर (धातूचे बारीक उंचवटे) ऑइलस्टोनने घासून काढले, तीच डिस्क परत बसवली. रनआउट 2 थाऊ.

नवी डिस्क सुरुवातीला चांगली का वाटते, हे समजून घ्या. रनआउटने लगेच थरथर येत नाही. डिस्कचा उंचावलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जातो, तिथे कधी धातू झिजतो, कधी पॅडचा मसाला चिकटतो. हळूहळू डिस्कची जाडी जागोजागी वेगळी होते आणि ती पेडलमध्ये जाणवते. म्हणून डिस्क बदलली की रोग बरा झाल्यासारखा वाटतो आणि दोन रेसनंतर परत येतो.

माझा क्रम ठरलेला आहे. बेअरिंगचा खेळ, हबचा फेस, मग डिस्क. डिस्क आणि हबवर खूण करतो. रनआउट जास्त आला तर डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजतो. वीस मिनिटांचं काम. तेवढा धीर नसलेल्या माणसाने रेस गाडीच्या ब्रेकला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक भोकं पाडलेल्या डिस्कची. दिसायला देखण्या, म्हणून नवखे त्याच मागवतात. एमजीबीची डिस्क 10.75 इंचांची, एकसंध आणि जेमतेम 350 थाऊ जाड, म्हणजे नऊ मिलिमीटरही नाही. हिशोब करून बघा. चालकासह गाडी 1000 किलो धरली, ताशी 160 किलोमीटरवरून 60 वर आणली, तर साधारण 850 किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातली 70 टक्के पुढे गेली आणि एका डिस्कचं वजन चार किलो धरलं, तर एकाच ब्रेकिंगमध्ये तापमान दीडशे अंशांनी चढतं. ही उष्णता सामावून घेतं ते बिडाचं वजन, आणि भोकं पाडून तुम्ही तेच कमी करता. वर भोकाच्या कडेपासून तडे सुरू होतात. शिवाय ऐतिहासिक रेसिंगमध्ये गाडी तिच्या काळातल्या रूपातच लागते, त्यामुळे डिस्क निवडण्याआधी गाडीचे कागद वाचा. एकसंध, चांगल्या बिडाची डिस्क घ्या आणि ब्रेक थंड ठेवणारी हवेची नळी नीट बसवा.

डिस्क किती तापते ते अंदाजाने सांगू नका. कडेला तापमानाचा रंग लावा: हिरवा 430 अंशांना पांढरा पडतो, केशरी 560 ला, लाल 610 ला. लाल पांढरा पडला असेल तर पॅड बदलण्याआधी हवेचा बंदोबस्त करा.

निळसर-काळे डाग कट मारून काढत बसू नका. बीड फार तापलं की तिथे त्यात कडक कण तयार होतात आणि ते खोलवर जातात. वरून साफ दिसेल, डाग परत येईल. अशी डिस्क भंगारात.

पृष्ठभागावर केसासारखं बारीक जाळं असेल तर घाबरू नका. तडा बाहेरच्या कडेला पोचला की डिस्क संपली.

नवी डिस्क आणि नवे पॅड एकदम घालून थेट शर्यतीत उतरणारे दरवर्षी भेटतात. पॅडच्या मसाल्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो. मी नव्या डिस्कवर त्याच मसाल्याचे जुने, सपाट झिजलेले पॅड लावतो, आठ-दहा वेळा वेग कमी करतो, दर वेळी थोडा जास्त जोर. पूर्ण थांबत नाही. मग एक लॅप हळू घेऊन थंड करतो. गरम ब्रेक घेऊन पिटमध्ये पेडल दाबून उभं राहणं म्हणजे पॅडचा शिक्का डिस्कवर उठवणं.

इथल्या ओल्या हिवाळ्यात गाडी तशीच ठेवली की पॅडखाली गंजाची चौकट उमटते आणि वसंतात तीच माणसं डिस्क वाकल्याची तक्रार घेऊन येतात. ऑक्टोबरमध्ये शेवटची रेस झाली की मी पॅड काढतो, डिस्कला तेलाचा हात देतो आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतो: तेल लावलं आहे, पॅड नाहीत. चिठ्ठीवर दोन्ही बाजूंची जाडी आणि रनआउट लिहितो. मार्चमध्ये ब्रेक क्लीनरने पुसायचं, गरम पाणी-साबणाने धुवायचं, लगेच कोरडं करायचं आणि चिठ्ठीवरचे आकडे डायल गेजने पुन्हा ताडून पाहायचे.