लेखक आणि चित्रकारांची मुलाखत घेताना या चुका टाळा

मुलाखत चांगली तासभर झालेली असते, माणूस मनमोकळं बोललेला असतो, आणि तरीही छापून आल्यावर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अशा मुलाखती बहुधा पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच फसलेल्या असतात. "तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?" "तुमची सर्जनप्रक्रिया कशी असते?" एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर कुणाजवळच तयार नसतं. समोरचा माणूस सभ्यपणे काहीतरी सांगतो, आणि ते त्यानं आधीही अनेकांना सांगितलेलं असतं.

प्रश्न लहान करा. इतका लहान, की त्याचं उत्तर एखाद्या ओळीवर किंवा कॅनव्हासच्या एखाद्या कोपऱ्यावर बोट ठेवून देता येईल. "ही कथा सुरुवातीपासून प्रथमपुरुषी होती, की मध्येच बदलली?" "डावीकडचा हा भाग मोकळा सोडलाय, तिथे आधी काही होतं का?" "ही ओळ इथे तोडायचं केव्हा ठरलं?" असं विचारलं की माणूस मतं सांगायचं सोडून आठवायला लागतो, आणि आपल्याला हवं असतं ते तिथेच मिळतं.

१९५८ साली 'द पॅरिस रिव्ह्यू' या वाङ्मयीन नियतकालिकात, त्याचे संपादक जॉर्ज प्लिम्प्टन यांनी घेतलेली अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांची मुलाखत प्रसिद्ध झाली. तीत प्लिम्प्टन विचारतात, पुनर्लेखन किती करता? हेमिंग्वे म्हणतात, 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचं शेवटचं पान समाधान होईपर्यंत ३९ वेळा लिहिलं. एवढा आकडा कानावर पडल्यावर बहुतेक जण "बापरे!" म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळले असते. प्लिम्प्टन तिथेच थांबले. त्यांनी विचारलं, काही तांत्रिक अडचण होती का? कशात अडलं होतं? उत्तर आलं, शब्द नीट बसवण्यात. हे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला मिळालं, आणि तो प्रश्न घरून लिहून आणता आलाच नसता. म्हणून प्रश्नांचा कागद जवळ असू द्या, पण नजर त्यावर खिळवू नका. समोरचा बोलत असताना आपण पुढचा प्रश्न शोधत असलो, तर असे ३९ कानावरून निघून जातात.

उत्तर प्रश्नातच भरून देऊ नका

ही चूक चांगल्या, अभ्यासू मुलाखतकारांकडूनही होते. किंबहुना त्यांच्याकडून जास्त होते, कारण त्यांचं स्वतःचं मत पक्कं झालेलं असतं. कलासमीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टर यांनी चित्रकार फ्रान्सिस बेकन यांच्याशी १९६२ पासून पुढे वीसहून अधिक वर्षं केलेल्या संभाषणांना तोड नाही. पण त्यातल्या पहिल्याच भेटीत सिल्व्हेस्टर विचारतात ते साधारण असं: म्हणजे तुम्ही कच्च्या रेखाटनांवरून कधी काम करत नाही, चित्राची आधी तालीम करत नाही? बेकन सांगतात, करायला हवी असं बरेचदा वाटतं, पण करत नाही. १९९२ मध्ये बेकन गेले आणि नंतर त्यांची कागदावरची पूर्वतयारीची कामं पुढे आली. लंडनच्या टेट संग्रहालयानं त्यातली काही घेतलीही. प्रश्न "चित्र सुरू करण्याआधी कागदावर काय काय करता?" असा असता, तर बेकन खरं बोलले असते, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण नकाराची वाट तरी आयती मिळाली नसती.

यात आणखी एक धडा आहे. कलावंत स्वतःच्या कामाबद्दल जे सांगतो, ती त्याची आठवण असते, कधी त्यानं स्वतःविषयी रचलेली गोष्टही असते. हेमिंग्वेंनी ३९ हा आकडा सांगितला होता, पण त्याच कादंबरीची २०१२ साली निघालेली आवृत्ती पाहा, तिच्यात ४७ पर्यायी शेवट छापले आहेत. म्हणून शक्य असेल तेव्हा बोलणं कागदासमोर बसून करा. जुना खर्डा, खोडलेलं पान, स्केचबुक, अर्धवट सोडलेलं काम दाखवायची विनंती करा. वहीचं पान उलटताना लेखक जे बोलतो, ते खुर्चीत टेकून बोलताना त्याला सुचत नाही.

आता अडचणी. उत्तरं तुटक येत असतील, तर "का" बाजूला ठेवून "कसं" आणि "केव्हा" विचारा. "का" म्हटलं की अनेकांना जाब विचारल्यासारखं वाटतं. उत्तर पाठ केलेलं वाटलं, तर खोडून काढू नका, उदाहरण मागा: "या पुस्तकात असं नेमकं कुठे झालं?" उत्तर संपल्यासारखं वाटलं, तर चार क्षण गप्प बसा. ती शांतता भरून काढायची घाई आपल्यालाच असते, आणि खरं वाक्य पुष्कळदा तिच्यानंतर येतं. अमुक भाग छापू नका असं कुणी म्हणालं, तर तो कुठून कुठपर्यंत हे लगेच विचारून टिपून ठेवा. आणि रेकॉर्डरवर सगळा भार टाकू नका. हातवारे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं, लेखकानं पान शोधून काढायला घेतलेला वेळ हे वहीतच टिपावं लागतं.

शब्दांकनात माणूस हरवू देऊ नका

मला सगळ्यात जास्त हळहळ इथे वाटते, कारण मिळालेलं हातानं घालवलं जातं. समजा एक चित्रकार म्हणाली: "तो रंग… नाही, रंग नव्हे, त्याचा थर. थर जाड झाला ना, की चित्र बंद झाल्यासारखं वाटतं मला." आणि छापून आलं: "मला रंगांचे जाड थर आवडत नाहीत." अर्थ वरवर तोच दिसतो. पण तिनं स्वतःला दुरुस्त केलं ते गेलं, चित्र "बंद होणं" गेलं, आणि पुढचा प्रश्न ज्यातून निघाला असता ते दारही गेलं. अडखळणं सगळंच ठेवायचं नसतं. "म्हणजे", "असं आहे की" खुशाल काढा. जिथे माणूस बोलता बोलता विचार करतोय, तिथे मात्र कात्री लावू नका.

मजकूर तपासायला द्यावा का? 'द पॅरिस रिव्ह्यू'त मुलाखत देणाऱ्याला मजकुरात दुरुस्ती करू देण्याची पद्धत आहे, आणि कामाविषयीच्या संभाषणाला ती मला योग्य वाटते. फक्त काय बदलता येईल हे आधीच बोलून घ्या. तपशील आणि नावं सुधारावीत, अपुरं राहिलेलं उत्तर पूर्ण करावं. उत्तर पार उलटं झालं असेल, तर मुकाट्यानं नवं छापू नका. फोन करून मत का बदललं ते विचारा आणि तो प्रश्नही मुलाखतीत घ्या.