पुण्यात पैशाचं बोलणं कसं ऐकावं

परभणी-नांदेडकडची मुलं पुण्यात आली की मला आधी खोलीचं भाडं विचारतात. मी त्यांना आधी आकडे नीट ऐकायला सांगते. इथे व्यवहार बोलताना हजार, लाख, कोटी हे शब्द सर्रास गाळतात आणि नवख्या माणसाची फसगत तिथेच होते.

एजंट म्हणेल, "अठरा, डिपॉझिट पन्नास, एक माझं." म्हणजे भाडं अठरा हजार, अनामत पन्नास हजार आणि एका महिन्याचं भाडं त्याची दलाली. तोच माणूस फ्लॅट विकायला बसला की "पंच्याऐंशी" म्हणजे लाख आणि "सव्वा" म्हणजे सव्वा कोटी. त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नसते, रोजची सवय असते. तरी तुम्ही लाजू नका. "अठरा हजारच ना? मेंटेनन्स धरून की वेगळा?" असं तिथल्या तिथे विचारा. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो बंधनकारक आहे. रक्कम आकड्यात आणि अक्षरी, दोन्ही लिहिलेली आहे ना, ते सही करण्याआधी वाचा.

इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी पाव-पाऊण पक्कं करून यावं. रिक्षावाले काका "पावणेतीनशे" म्हणाले तर २७५ द्यायचे, ३२५ नव्हे. सव्वादोनशे २२५, दीड हजार १५००. मंडईत हे इतक्या झपाट्यानं बोललं जातं की मनात हिशेब करायला उसंत मिळत नाही. सकाळी सकाळी भाजीवाल्या मावशींची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायची असताना पाचशेची अख्खी नोट पुढे करू नका. दहा-वीसचे सुट्टे जवळ ठेवा. आता बहुतेक जण स्कॅन करा म्हणतात, पण बसमध्ये आणि मंडईत सुट्टे अजूनही लागतातच.

आणे नाण्यांतून गेले, बोलण्यातून गेले नाहीत. १९५७ साली दशमान पद्धत आली, ३० जून २०११ नंतर २५ पैशांचं नाणंही चलनातून गेलं. तरी पेठेतले आजोबा "काम बारा आणे झालं" म्हणतील, म्हणजे पाऊण झालं. "सोळा आणे खरं" म्हणजे पूर्ण खरं. घरमालक आजी-आजोबा असतील तर हे रोज कानावर पडेल, आणि मला ते फार आवडतं.

मित्रांत कडकी लागली की खिशात दमडी नसते, महिनाअखेरीस सगळ्यांचीच कडकी. टीटीएमएम म्हणजे तुझं तू, माझं मी. हॉटेलात कोणी असं म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या गावाकडे एकानंच बिल भरायची पद्धत, इथे आपापलं भरणं हाच साधेपणा आहे, आणि मोजक्या पैशावर जगणाऱ्या मुलाला त्यानं मोठा आधार होतो.

पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर "पन्नास खोके, एकदम ओके" अशी घोषणा दिली आणि खोका घराघरात पोचला. टपरीवर गप्पांत चालतं. घरमालकाशी, बँकेत, नोकरीच्या मुलाखतीत हे शब्द तोंडातून काढू नका. त्यांना गुन्हेगारीचा वास आहे, आणि समोरचा तुमच्याबद्दल नको ते मत करून घेईल.

आणखी एक. सरकारी कामात कोणी "चहापाण्याचं बघा" किंवा "थोडी चिरीमिरी" म्हटलं तर चहाची वेळ झालीय असं समजू नका. ती लाच आहे. फी किती आणि पावती मिळेल का, एवढंच शांतपणे विचारा. मागणी सुरूच राहिली तर पैसे देऊ नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.