नागपुरात रूम घेताय? खिडकी कुठं आहे ते विचारा

नागपूर फिरायला येताय तर हॉटेल बर्डीच्या (सीताबर्डी, शहराचा मधला भाग) आसपासच बघा, मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथंच भेटतात, म्हणजे ऑटोवाल्याशी घासाघीस नको. डिसेंबरात अधिवेशन अन् दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी, तेव्हा ऐनवेळी रूम मिळतच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, मग नुसतं 'एसी रूम' वाचून पैसे भरू नका, सगळ्यात वरचा मजला अन् पश्चिमेची खिडकी नको म्हणून आधीच सांगा. आम्ही एकदा पाहुण्यांसाठी तशीच घेतली, रात्री अकराला भिंतीला हात लावला तर तव्यावानी गरम! जुन्या, जाड भिंतीच्या बिल्डिंगमधलं हॉटेल मिळालं तर मस्तच, फक्त लाइट गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो का पंखाच, ते फोन करून विचारा.